आजारपणाच्या रकान्यातले शून्य

ब्रिटनमधील नोकऱ्यांसाठी परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी पाठवणाऱ्या महाराष्ट्रातील भरती संस्थांच्या संचालकांस व समुपदेशकांस खुले पत्र



ब्रिटनमधल्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्यानंतर एक वाक्य येते आणि बहुतेक उमेदवार ते ओलांडून सहीच्या जागेकडे जातात. ही ऑफर समाधानकारक रेफरन्स, आरोग्याची तपासणी, गुन्हेगारी नोंदींची पडताळणी आणि व्हिसा यांच्या अधीन आहे, असे ते वाक्य. हीच सशर्त ऑफर. अटी पुऱ्या होईपर्यंत नोकरी लागलेली नसते. घरी पेढे वाटून झालेले असतात, ती गोष्ट वेगळी.

अटी तपासताना उमेदवारापुढे, किंवा त्याच्या जुन्या मालकापुढे, एक फॉर्म येतो. त्यात बरेचदा दोन लहान रकाने असतात: गेल्या दोन वर्षांत आजारपणामुळे एकूण किती दिवस गैरहजर, आणि किती वेळा. नागपूरच्या खासगी रुग्णालयात सहा वर्षे काढलेली एखादी परिचारिका इथे थबकते. सप्टेंबरात डेंग्यू झाला होता, त्यात ११ दिवस गेले. पुढे दोनदा ताप आला, तीन-तीन दिवस. खरे लिहायचे तर दिवस १७ आणि वेळा ३. तेवढ्यात कुणीतरी सांगते, ‘शून्य टाका, भानगड नको.’ हा सल्ला कधी आधी गेलेली मैत्रीण देते, कधी संस्थेच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण तिकडचा कायदा उलगडून पाहिला, तर उमेदवाराच्या हातातले सगळ्यात भक्कम हत्यार काढून घेणारा सल्ला हाच आहे.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१० पासून इक्वॅलिटी ॲक्ट लागू आहे. त्याच्या कलम ६० प्रमाणे ऑफर देण्याआधी मालकाने उमेदवाराच्या आरोग्याबद्दल विचारायचे नाही. मागच्या नोकरीत आजारपणाच्या रजा किती झाल्या, हाही आरोग्याचाच प्रश्न धरला जातो. मग तो उमेदवाराला विचारलेला असो की रेफरन्स देणाऱ्याला. अपवाद मोजके. मुलाखतीला येताना काही सोय लागेल का, हे विचारता येते. एखादी शारीरिक क्षमता हाच कामाचा गाभा असेल, जसे मचाणावर चढून करायचे काम, तर तेवढ्यापुरते विचारता येते. नियम मोडून प्रश्न विचारला, एवढ्यावरून उमेदवाराला थेट दावा लावता येत नाही, ते काम समता व मानवी हक्क आयोगाचे. मात्र आधी विचारून, उत्तर ऐकून नकार दिला, तर अपंगत्वावरून भेदभाव केला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येऊ शकतो. उत्तर आयर्लंडला हा कायदा लागू नाही. तिथे अजून १९९५ चा अपंगत्व भेदभाव कायदा चालतो आणि त्यात कलम ६० सारखे काही नाही. बेलफास्टला निघालेल्या उमेदवाराला लंडनचे नियम सांगून पाठवू नये.

ऑफर हातात पडली की ही मनाई संपते. म्हणून आजारपणाचे रकाने नेमके सशर्त ऑफरनंतरच्या फॉर्मात दिसतात. पुष्कळांना यात चलाखी वाटते. आधी हो म्हणायचे आणि मग खोड काढायची. खरे तर हा क्रम उमेदवाराच्या भल्याचा आहे. मुलाखतीनंतर आलेल्या नकाराला चेहरा नसतो. दुसरा उमेदवार सरस होता, एवढे म्हटले की विषय संपतो. पण ऑफर देऊन ती मागे घेतली, तर मधल्या दिवसांत मालकाला नवे काय कळले, यावर बोट ठेवता येते. कळलेली नवी गोष्ट आजारपणाचे दिवस एवढीच असेल, तर कारण उघड्यावर आलेच.

तरी ‘समाधानकारक’ हा शब्द उमेदवाराच्या बाजूचा नाही. १९९० साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे विशार्ट यांचा खटला आला होता. नागरिकांना त्यांचे हक्क समजावून सांगणाऱ्या सल्ला केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेनेच त्यांना समाधानकारक रेफरन्सच्या अटीवर नोकरी देऊ केली होती. रेफरन्समधून आजारपणाच्या गैरहजेरीबद्दल शंका निघाली आणि ऑफर मागे घेतली गेली. विशार्ट यांना आधी तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, अपील न्यायालयाने तो उठवला. रेफरन्स समाधानकारक आहे की नाही हे मालकाने ठरवायचे. वाजवी माणसाला तो समाधानकारक वाटला असता का, हे न्यायालय तपासत बसणार नाही, असा त्याचा रोख. कराराच्या कायद्यापुरते आजही याच दिशेने पाहिले जाते. अट पुरी झाली नाही तर करारभंग नाही, आणि भरपाईही नाही. बिनशर्त ऑफर स्वीकारल्यावर मात्र करार होतो आणि तो मोडला तर निदान नोटिशीच्या मुदतीचा पगार मागता येतो. ‘अधीन राहून’ या दोन शब्दांची किंमत एवढी आहे.

विशार्ट यांच्या वेळी अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तिकडे कायदाच नव्हता. आज इक्वॅलिटी ॲक्ट आहे, आणि कराराच्या कायद्याच्या आडून त्याला बगल देता येत नाही. त्यातली अपंगत्वाची व्याख्या मराठी कानाला चकवते. आपल्याकडे अपंग म्हटले की कुबडी, पांढरी काठी किंवा टक्केवारीचे प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येते. ब्रिटनच्या कायद्यात रोजच्या जगण्यावर ठळक आणि १२ महिने टिकणारा किंवा टिकण्याजोगा परिणाम करणारी कोणतीही शारीरिक वा मानसिक व्याधी त्यात बसू शकते. औषधाने आटोक्यात असलेल्या आजाराचे मोजमाप औषध बंद केले तर काय होईल, यावर करतात. त्यामुळे मधुमेह, अपस्मार, दमा, दीर्घकाळचे नैराश्य असलेली माणसे दिसायला ठणठणीत असूनही या व्याख्येत येऊ शकतात. कॅन्सर, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचे निदान झाल्या दिवसापासून माणूस कायद्याने अपंग धरला जातो. पूर्वी अपंगत्व होते आणि आता बरे झाले, त्यालाही संरक्षण आहे. तीन वर्षांपूर्वी टाटा मेमोरियलमध्ये केमोथेरपी घेऊन पुन्हा कामावर रुजू झालेली परिचारिका यात येते.

कलम १५ म्हणते की अपंगत्वातून उद्भवलेल्या गोष्टीवरून माणसाला वाईट वागणूक द्यायची नाही, दिली तर ती का योग्य होती हे मालकाने पटवून द्यावे. गैरहजेरी ही अशी उद्भवलेली गोष्ट. केमोथेरपीचे ४० दिवस दाखवून ऑफर मागे घेतली, तर मालकाला ‘आमचा नियमच आहे, दहा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही’ एवढे सांगून सुटता येत नाही. शिवाय कामाच्या वेळा, पाळ्या, बसायची सोय अशा बाबींत वाजवी बदल करून देण्याचे बंधन त्याच्यावर येते.

शून्याचा सल्ला घात करतो तो इथे. ही दोन्ही संरक्षणे मालकाला अपंगत्व माहीत असण्यावर, किंवा त्याला ते कळायला हवे होते यावर, अवलंबून आहेत. उमेदवाराने स्वतःच्या हाताने शून्य लिहिले की ‘आम्हाला कुठे ठाऊक होते?’ हा बचाव मालकाला आयता मिळतो. पुढे वॉर्डात साखर उतरून चक्कर आली, रजा वाढली, प्रकरण एचआरकडे गेले, तर फाइलमधून पहिला कागद निघतो तो त्या शून्याचा. तेव्हा चर्चा आजारावर होत नाही, सचोटीवर होते. परिचारिकेसाठी तर गोष्ट नोकरीवर थांबत नाही. तिकडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या आचारसंहितेत प्रामाणिकपणा हा व्यवसायाचा भाग आहे, आणि खोटी माहिती नोंदणीवरच बेतू शकते.

आता डेंग्यूवाल्या परिचारिकेकडे परत यायला हवे, कारण तिच्या बाबतीत कायदा तोकडा आहे आणि हे लपवण्यात अर्थ नाही. डेंग्यू, मोडलेला पाय, काढलेले अपेंडिक्स ही काही १२ महिने टिकणारी व्याधी नव्हे. त्यातून पूर्ण बरे झालेल्या माणसाला कलम १५ चा आधार मिळत नाही. म्हणजे कॅन्सरच्या ४० दिवसांना संरक्षण आणि डेंग्यूच्या ११ दिवसांना नाही, असा विचित्र ताळेबंद तयार होतो. तिच्या हाती उरते ते कारण. रकान्यात आकडा मावतो, कारण मावत नाही. ते शेजारी किंवा वेगळ्या कागदावर लिहावे लागते. डेंग्यू, रुग्णालयात दाखल, पूर्ण बरी, त्यानंतर सलग इतके महिने पूर्ण हजेरी. एवढ्या चार गोष्टी लिहिल्या की शहाणा व्यवस्थापक पुढे जातो. सगळेच व्यवस्थापक शहाणे नसतात, हेही खरे.

‘किती दिवस’ याच्या शेजारी ‘किती वेळा’ का विचारतात, हे उमेदवारांना क्वचितच सांगितले जाते. तिकडे अनेक ठिकाणी ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचा हिशेब चालतो. ५२ आठवड्यांत माणूस जितक्या वेळा आजारी पडला त्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचे. सलग १७ दिवस घेतले तर १ गुणिले १ गुणिले १७, म्हणजे १७. तेच १७ दिवस तीन वेळा मिळून झाले तर १५३. आणि दर थोड्या दिवसांनी एकेक दिवस करत दहा दिवस घेतले तर हिशेब थेट १,०००. अधूनमधून अचानक पडणारी दांडी पाळीचे वेळापत्रक जास्त विस्कटते, हा त्यामागचा विचार, आणि वॉर्ड चालवणाऱ्या कुठल्याही सिस्टरला तो पटेल. पण अर्धशिशी, संधिवात, पाळीचा तीव्र त्रास असे आजार नेमके एकेका दिवसानेच येतात. सूत्राला ते कळत नाही. म्हणून दीर्घ आजाराशी जोडलेले दिवस वेगळे दाखवले पाहिजेत. गरोदरपणातल्या आजारपणाचे दिवस तर या हिशेबात धरणेच भेदभाव ठरू शकते, आणि बाळंतपणाची रजा ही आजारपणाची रजा नव्हेच. भारतातल्या २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेचा आकडा कुणी त्या रकान्यात भरला, तर दोष फॉर्म समजावून न सांगणाऱ्याचा.

सर्वांत मोठी अडचण मात्र ब्रिटनची नाही, आपल्या मस्टरची आहे. महाराष्ट्रातल्या रजेच्या नोंदी आणि ब्रिटनचा तो रकाना यांची भाषाच जुळत नाही. आपल्याकडे ताप आला तर माणूस किरकोळ रजा टाकतो, कारण तिला प्रमाणपत्र लागत नाही. उलट बहिणीच्या लग्नाला, गावच्या जत्रेला, शेताच्या कामाला लांब रजा हवी आणि हक्काची रजा मिळत नाही, तर ओळखीच्या डॉक्टरकडून वैद्यकीय प्रमाणपत्र आणले जाते. सरकारी सेवापुस्तकात ही रजा परिवर्तित रजा म्हणून बसते आणि अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. दहा वर्षांनी ब्रिटनचा फॉर्म समोर आला की सेवापुस्तक म्हणते, हा माणूस तीन आठवडे आजारी होता. प्रत्यक्षात तो तेव्हा मांडवात उभा राहून वाढत होता. आणि खऱ्या टायफॉइडचे दिवस कुठेच दिसत नाहीत. खासगी रुग्णालयांत तर बिनपगारी रजा एवढाच शेरा, कारण काहीच नाही. अशा नोंदीवरून प्रामाणिक उत्तर काढायचे तर बसून, पगारपत्रके आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून काढावे लागते. विमानाच्या तिकिटाच्या घाईत ते होत नाही. मांडवातल्या रजेचे कोडे सुटणारे नाही. सेवापुस्तकात जे वैद्यकीय म्हणून लागले आहे ते रेफरन्समध्ये तसेच जाऊ शकते, तेव्हा उमेदवाराचा आकडा त्याच्याशी जुळावा, एवढे पाहावे.

लपवण्याची सवय आपल्याकडे उगाच लागलेली नाही. आयुर्विमा महामंडळाच्या उमेदवारांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मात एकेकाळी स्त्रियांना मासिक पाळीच्या तारखा आणि गरोदरपणाचे तपशील विचारले जात. त्यातले उत्तर चुकीचे दिले म्हणून एका प्रोबेशनरला काढले, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित मजुराच्या खटल्यात ठरवले की काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ त्या तपासणीवरून काम नाकारता येत नाही. हे निकाल मोठे आहेत, पण ऑफरआधी आरोग्याचा प्रश्नच विचारू नका, अशी सरसकट मनाई खासगी मालकांवर आपल्याकडे नाही. मुलाखतीतच ‘काही मेडिकल हिस्टरी?’ असे विचारणाऱ्या बाजारात वाढलेला माणूस लपवायला शिकतो. तीच सवय तो ब्रिटनच्या फॉर्मापर्यंत नेतो.

किती सांगायचे, याचा एक नमुना इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या नगर परिषदेच्या खटल्यात आहे. परिषदेने आपल्या माजी व्यवस्थापकीय संचालिकेवर जवळपास दहा लाख पौंडांचा दावा लावला होता. नेमणुकीच्या वेळी भरलेल्या आरोग्याच्या फॉर्मात तिने नैराश्याचा पूर्वेतिहास लपवला, अशी तक्रार. फॉर्मात विचारले होते की प्रकृती साधारणपणे चांगली असते का, आणि कामावर परिणाम करील असा चालू आजार आहे का. २००९ साली उच्च न्यायालयाने परिषदेचा दावा फेटाळला: विचारलेल्या प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे खोटी नव्हती. जे विचारले नव्हते ते तिने सांगायला हवे होते, असे न्यायालयाने मानले नाही. यातून उमेदवाराने घ्यायचे ते एवढेच, की प्रश्न शब्द न् शब्द वाचावा, त्याचेच खरे उत्तर द्यावे आणि न विचारलेली कहाणी जोडू नये. दोन वर्षांचे विचारले असेल तर सात वर्षांपूर्वीचा क्षयरोग लिहिण्याची गरज नाही. आरोग्य विभागाने क्षयरोगाबद्दल वेगळे विचारले, तर मात्र तिथे तो लिहिलाच पाहिजे.

हा आरोग्य विभाग, म्हणजे ऑक्युपेशनल हेल्थ, एचआरपेक्षा वेगळा असतो, हेही सांगितले जात नाही. नॅशनल हेल्थ सर्व्हिसमध्ये नेमणुकीआधी ओळख, काम करण्याचा हक्क, व्यावसायिक नोंदणी, नोकरीचा इतिहास व रेफरन्स, गुन्हेगारी नोंदी आणि कामासाठीचे आरोग्य अशा सहा तपासण्या होतात. शेवटची तपासणी परिचारिका किंवा डॉक्टर करतात. त्यांना सांगितलेला आजार सहसा व्यवस्थापकापर्यंत नावानिशी जात नाही. कामाला योग्य, काही सोयींसह योग्य, की सध्या अयोग्य, एवढाच अभिप्राय जातो. माहितीसंरक्षणाच्या कायद्यातही आरोग्याची माहिती विशेष जपायच्या वर्गात मोडते. एचआरच्या फॉर्मात तपशील लिहायला जीव धजावत नसेल, तर हे ऑक्युपेशनल हेल्थकडे सांगेन, असे लिहिणे शून्य लिहिण्यापेक्षा केव्हाही बरे.

राजीनाम्याचा मुद्दा दोन ओळींचा आहे, पण संसार बुडतात ते त्यातच. सशर्त पत्रावर पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. सर्व अटी पुऱ्या झाल्याचे लेखी पत्र आले, की मग द्यावा. ब्रिटनमध्येच असलेल्या आणि मालक बदलणाऱ्या माणसाला हे दुप्पट लागू आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर उभा असतो. जुनी नोकरी गेली आणि नवी हुकली, तर दुसरा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात.

ऑफर मागे घेतलीच, तर कारण लेखी मागावे. मालकाकडे असलेली स्वतःची माहिती मागण्याचा हक्क आहे आणि तिला एका महिन्यात उत्तर देणे अपेक्षित असते. गोपनीय रेफरन्सचा कागद मात्र यातून सुटू शकतो. भेदभावाचा दावा लावायला नोकरीत काही वर्षे झालेली असण्याची अट नाही. आधी ‘एकॅस’ (Acas) या संस्थेकडे समेटासाठी जावे लागते. मुदत कडक आहे. ऑफर गेल्या दिवसापासून ३ महिन्यांत एक दिवस कमी, हा हिशेब धरून चालावे. रोजगार न्यायाधिकरणात दावा दाखल करायची फी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर राहिलेली नाही.

हे सगळे उमेदवाराला फॉर्म भरण्याआधी कळले तरच उपयोगाचे. संस्थांनी पुढच्या तुकडीच्या प्रशिक्षणात इंग्रजीच्या चाचणीच्या जोडीने एक तास या दोन रकान्यांसाठी ठेवावा. त्या दिवशी उमेदवारांना दोन वर्षांची पगारपत्रके, रजेची नोंद आणि डिस्चार्ज कार्डे घेऊन यायला सांगावे. आणि ‘शून्य टाका’ हे वाक्य कुणाही समुपदेशकाच्या तोंडून पुन्हा निघू नये, एवढी नम्र विनंती.